पद्माक्काचा कोंबडा

आक्काताई चौगुलेंची बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी कसबे डिग्रजात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांचा राग फक्त घरच्यांना. चटणी त्या मिक्सरला लावत नाहीत. उखळात घालून, तेल सुटेपर्यंत, सावकाश कुटतात. रागाचंही तसंच. भडकून तो वाया घालवायचा नाही, कुटत राहायचा.

मानसिंगवरचा राग त्यांनी असाच दोन वर्षं कुटला.

सांगलीच्या कॉमर्स कॉलेजात बरोबर शिकलेल्या मित्रमैत्रिणींचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे, 'शेवटचा बाक'. विट्याचा अमृत त्यात आहे. त्याचं सोनं गाळायचं दुकान तिकडे कोइमतूरला. कराडचा मानसिंग आहे. त्याचं हायवेला टायरचं दुकान. कुणी विनोद टाकतं, कुणी नातवंडांचे फोटो. आक्काताई आपल्या आवाजात गोष्टी टाकायच्या. सगळ्या त्यांच्या आईच्या, पद्माक्का मगदूम यांच्या. पद्माक्का कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण हळकुंडं निवडताना बायकांना हसवून हसवून त्यांचं काम थांबवायच्या. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा एकुलता एक फोटो महापुराच्या पाण्यात गेला. आता घरात आईचं असं काही उरलं असेल तर या गोष्टीच.

त्यातली चोराची गोष्ट सगळ्यांची आवडती. दिवस मावळता मावळता पद्माक्काच्या घरात चोर शिरतो. ती भाकरी थापत असते. चोराला बघून म्हणते, "आलास ते बरं केलंस. आदी जेव. माझ्या घरात दिवस मावळल्यावर कुणाला घास मिळत न्हाई. चोरी काय, रात्रभर कर की." चोर घाईघाईनं जेवतो, चार भाकऱ्या जास्तच खातो, आणि भिंतीला टेकल्या टेकल्या झोपतो. सकाळी पद्माक्का त्याच्या हातात खराटा देते. "आता अंगण झाड. रात्रीची चोरी राहिली तुझी, जेवण तरी फेड."

एक दिवस अमृतनं आक्काताईंना एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आक्का, बघ, आपला मान्या लय मोठा झाला.' 'कृष्णाकाठच्या गमतीजमती' नावाचं फेसबुकवर एक पान आहे. सातारा-सांगलीकडची हजारो माणसं तिथे हसायच्या, धीर देणाऱ्या, जुन्या गोष्टी एकमेकांना सांगतात. त्या पानावर, पांढरा फेटा बांधून, मानसिंग सांगत होता, "माझी आजी भाकरी थापत होती, आणि घरात शिरला चोर..."

शब्दन् शब्द तोच. फक्त 'आई'च्या जागी 'आजी'. चोराची गोष्टच चोरीला गेली होती.

आक्काताईंनी गटात सरळ विचारलं, "मानसिंग, माझ्या आईचं नाव का नाही घेतलंस?"

मानसिंगचं उत्तर लगेच आलं. "आक्का, गोष्टीला काय सातबारा असतो का? असला तर दाखव, नाव लावून टाकतो!"

त्याच्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एक अमृतचाही होता. आक्काताईंनी तो नीट बघून ठेवला.

नवरा धनपाल मळ्यातून आला तेव्हा त्या उखळाशी बसल्या होत्या. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आगं, सोड की. एका गोष्टीनं काय झालं?"

"शेजाऱ्यानं आपल्या बांधात हातभर नांगर घातला, तवा तुमी कोर्टात गेला हुता."

"ती जमीन हुती."

"ही आई हाय," आक्काताई म्हणाल्या, आणि मुसळ पुन्हा उचललं.

त्या संध्याकाळी त्यांनी गटात लिहिलं, 'खरं आहे मानसिंग. गोष्टी सगळ्यांच्याच. अजून पाठवते.' पुढे हात जोडलेले. मानसिंग खूश झाला.

तो कसं काम करतो ते आक्काताईंनी ओळखलं होतं. त्यांचा आवाज तो फोनकडूनच टाइप करून घ्यायचा आणि कॅमेऱ्यापुढे ते वाचून टाकायचा. गोष्टीत काय आहे हे त्याला वाचतानाच कळायचं. चोराच्या गोष्टीतलं 'दिवस मावळल्यावर घास मिळत न्हाई' हेसुद्धा त्यानं तसंच ठेवलं होतं. डिग्रजातलं शेंबडं पोरही सांगेल, ही जैनाघरची बाई आहे. कराडच्या मानसिंगच्या घरात रात्रीच्या पंगती उठायच्या, हे कॉलेजात त्यानंच शंभरदा सांगितलं होतं. पण पानावरच्या लोकांना वाटलं, जुन्या काळी दिवे नसतील, म्हणून लवकर जेवत असतील.

मग आक्काताईंनी आईच्या गोष्टी निवडून निवडून पाठवायला सुरुवात केली. पाणी गाळून घेताना फडक्यावर राहिलेले बारीक जीव त्याच विहिरीत परत सोडायला, भर उन्हात, अर्धं गाव तुडवत गेलेली पद्माक्का. चतुर्दशीला हिरवी भाजी चिरायची नाही म्हणून व्याह्याला नुसत्या डाळीवर बोळवणारी पद्माक्का. कांद्याचं पोतं भेट आलं तेव्हा ते उंबऱ्याबाहेर लिंबाला बांधून ठेवणारी पद्माक्का. सगळ्या खऱ्या, सगळ्या हसवणाऱ्या. मानसिंगनं एकेक उचलली. लोक खाली लिहायचे, 'धन्य ती आजी', 'काय सात्त्विक माऊली!' ते वाचून मानसिंगला जोर चढला. एका व्हिडिओत तर त्यानं स्वतःच्या पदरचं घातलं, "आमच्या आजीनं आयुष्यात अंड्याला हात लावला नाही."

आक्काताईंनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. एवढं तर त्यांनीही मागितलं नव्हतं.

धनपालला हे दिसत होतं. तो म्हणाला, "भादवा आला की पर्युषणाचं पर्व हाय. शेवटच्या दिशी सगळ्यांची क्षमा मागतीस, तवा त्याचीबी मागावी लागंल."

"मागीन की. आदी क्षमा मागण्याजोगं काहीतरी हातून होऊ तरी द्या."

आषाढात पानाचा मेळावा ठरला, कराडच्या एका मंगल कार्यालयात. मानसिंगचा सत्कार होता, शाल आणि नारळ. पान चालवणारी स्वप्ना साताऱ्याची. आक्काताईंनी तिला फोन केला आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "मानसिंगच्या आजीची एक लेक हाय की, लोणंदला. भामाबाई. मानसिंग कॉलेजात तिचं लय सांगायचा. ऐंशी ओलांडलीय, पण खणखणीत. आईचं एवढं नाव झालंय, लेकीला नको का बोलवायला?"

स्वप्नाला ते फारच आवडलं. "बरं सुचवलंत काकू! मानसिंगकाकांना सांगायचं नाही. गंमत करू."

"व्हय," आक्काताई म्हणाल्या. "गंमतच करू."

शेवटची गोष्ट त्यांनी मेळाव्याच्या आधल्या आठवड्यात पाठवली. कोंबड्याची.

मेळाव्याला हॉल भरला होता. आक्काताई तिसऱ्या रांगेत बसल्या. पहिल्या रांगेत, लोणंदहून गाडीनं आणलेल्या भामाबाई, नऊवारीचा पदर खोचून. "आजींच्या कन्या आज आपल्यात आहेत!" स्वप्नानं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मानसिंगनं आत्याला बघितलं आणि फेट्याखाली त्याच्या कपाळाला घाम आला. पण हातात फोन, फोनमध्ये गोष्ट, आणि समोर लोक ओरडत होते, "आजी! आजी!" त्यानं घसा साफ केला आणि वाचायला लागला.

"शेजारच्या पैलवानानं माझ्या आजीला प्रेमानं एक कोंबडा आणून दिला. आता कापायचा तर नाही. आजीनं त्याचं नाव ठेवलं पावणा. पैलवान रोज कुंपणावरून विचारायचा, 'म्हातारे, कसा लागला कोंबडा?' आजी म्हणायची, 'लय गोड. रोज पहाटे थोडा थोडा ऐकते.'"

हॉल हसला. भामाबाई हसल्या नाहीत.

"असा तो पावणा आमच्याच घरात म्हातारा होऊन गेला. त्या दिवशी आजीनं उपास धरला..."

"आरं थांब," भामाबाई म्हणाल्या. त्यांना माईक लागला नाही. "मान्या, कुठल्या घरात म्हातारा झाला रं कोंबडा?"

मानसिंग थांबला.

"आमच्या घरात कोंबडा दुसरी जत्रा बघत न्हवता!"

आता हॉल पोट धरून हसायला लागला. भामाबाई उठून उभ्या राहिल्या.

"हसू नगासा. माझी आय धोंडुबाई. आखाडात तिच्या हातचा रस्सा खायाला वाईपास्नं पावणं यायचं. मध्यानरातीला कुणी दारात आला तरी चूल पेटवायची. उपाशी माणूस तिनं दारातनं परत न्हाई लावला. आनि ही कोन? दिस मावळायच्या आत जेवनारी, कोंबड्याचं सुतक धरनारी? बाई चांगली आसंल, पर माझी आय न्हवं ती. माझ्या आयला कुठं गाडलास रं तू?"

हसू थांबलं. आक्काताईंच्या हिशेबात हे वाक्य नव्हतं. त्यांना वाटलं होतं, म्हातारी मटणाचं बोलेल आणि मानसिंगचं हसं होईल. आपल्या आईसारखीच आणखी एका बाईची आई त्यानं पळवलीय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांचा राग तिथल्या तिथे दुप्पट झाला.

"मग या आजी कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते त्यालाच इचारा," भामाबाई म्हणाल्या.

मानसिंगनं फोनवर बोट वरखाली फिरवून बघितलं.

आक्काताई उभ्या राहिल्या. "ती माझी आई. पद्माक्का मगदूम. कोंबडा तिचा, विहीर तिची, कांद्याचं पोतं तिचं. आणि चोराची गोष्ट पण तिचीच." एवढं बोलून त्या खाली बसल्या. आवाज कुठेही हलला नाही.

शाल शेवटी भामाबाईंच्या खांद्यावर गेली. त्यांनी स्टेजवर बसून सांगितलं, धोंडुबाईनं न जेवता निघालेल्या फौजदाराची घोडी कशी सोडून दिली होती आणि तो रस्सा ओरपून, वर ताटात राहिलेलं पुसून खाऊन, चालत कसा गेला होता. लोक डोळे पुसत हसले. मानसिंग स्टेजच्या पायरीशी फेटा काढून हातात धरून उभा होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. दोन वर्षं गर्दी बघून सुखावलेल्या माणसाला ते किती लागलं, ते आक्काताईंनी तिसऱ्या रांगेतून निवांत बघितलं.

पंगतीपाशी त्यानं त्यांना गाठलं. "आक्का, गपचूप सांगितलं असतंस तर नाव लावलं असतं की. चारचौघांत कशाला?"

"चारचौघांतच तू सातबारा मागितलास, मानसिंग. तुझ्या आत्याकडं हुता. आणून दाखवला."

अमृतचा कोइमतूरहून फोन आला तो त्यांनी उचलला नाही. तो हसरा चेहरा त्या विसरल्या नव्हत्या.

मानसिंगला पानावरच्या प्रत्येक गोष्टीखाली पद्माक्का मगदूम हे नाव स्वतःच्या हातानं लिहावं लागलं. स्वप्नानं लिहूनच घेतलं. आता गुजरातेतून, बंगळुरातून माणसं विचारतात, पद्माक्काची अजून एखादी सांगा की. आक्काताई सांगतात. आता थेट पानावर, स्वतःच्या नावानं.

भादव्यात पर्व संपलं. क्षमा मागायच्या दिवशी आक्काताई पडवीत फोन घेऊन बसल्या आणि एकेकाला संदेश पाठवत गेल्या. नणंद, शेजारीण, बांधाचा तो शेजारीसुद्धा, अमृत. धनपाल बाजूला बसून बघत होता.

"मानसिंगला?"

"पाठवला."

"बरं झालं. म्हंजे मनातलं गेलं."

"क्षमा मागितली," आक्काताई म्हणाल्या. "केलं ते चुकलं, असं कुठं लिवलंय?"

त्यांनी फोन पालथा ठेवला आणि उठल्या. उसाच्या शेंड्यांवर ऊन शेवटचं पिवळं झालं होतं.

"चला, बसा जेवायला. दिवस मावळतोय."