थंड पाणी

आधी अक्षराची माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, हातही आता कापतो. पण हे तोंडाने कोणाला सांगितलेलं नाही — घरातल्या माणसालाही नाही — म्हणून लिहिते.

सर्वण गावात आमच्या दोन गाई, शेजारच्या सुशिलाची एक. त्या वर्षी गोचीड फार झाले. कानात, कासेवर, शेपटीखाली — ओढून काढावे तर बोटं रक्ताने भरायची. गुरांचा नवा डॉक्टर आला, तरणा पोर. त्याने एक बाटली दिली. म्हणाला, यात जिवंत जंतू आहेत, ते गोचिडांना मारतात, गाईला काही करत नाहीत. थंड पाण्यात कालवून फवारा. सुशिला दिवसभर काजूच्या कारखान्यात, म्हणून तिच्या गाईचंही मीच करणार होते.

जंतू! डेअरीला दूध घालणाऱ्या बायका आम्ही — चरवी, कॅन, फडकं, सगळं उकळत्या पाण्याने धुवायचं ते जंतूंसाठीच ना? मग दुभत्या गाईवर तेच कसे शिंपडू? मी बाटलीतल्या औषधावर चुलीवरचं कढत पाणी ओतलं. निवल्यावर तिन्ही गाईंवर फवारलं. वाटलं, जंतू मरतील, औषध राहील. डॉक्टरचं ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

गोचीड गेले नाहीत. माझ्या गाई गावठी, तगल्या. सुशिलाची जर्सी गोचीड-तापाने गेली.

डॉक्टर आला. सगळ्यांसमोर त्याने विचारलं, "थंड पाणीच घेतलं ना, मावशी?"

मी पदर तोंडाला लावला आणि हो म्हटलं. चारचौघांत मान वर न करणारी बाई — ती खोटं बोलेल असं कोणाला वाटणार?

मग आमच्या गुरांवर प्रयोग करतोस म्हणून लोक त्याच्यावर तुटून पडले. "आमच्या गोरवांचेर शिकता रे तूं?" त्याने उरलेल्या बाटल्या गाडीत भरल्या. आमच्या वाडीत ते औषध पुन्हा आलं नाही.

नवी गाय घ्यायला सुशिलाला मी पैसे दिले. लोक म्हणाले, केवढं मन! तिने मात्र ते उसने मानले. दुधाचं बिल मिळालं की थोडे थोडे आणून द्यायची. नको — हा एक शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नाही.

काल ती शेवटचे घेऊन आली. म्हणाली, "वयनी, पैसे फिटले गो, उपकार काय फिटूचे नाय." चहाला थांबली नाही, दूध काढायची वेळ झाली होती.

पैसे पुरे होते. मी घेतले.