बाणाचा बोर्ड

आईला दमा आहे, म्हणून मी बोर्डाच्या मागे लागले. अकोल्यात आमच्या झेंडूच्या वावरावर प्लॉट पाडून लेआउट, म्हणजे नवी वस्ती झाली. सगळ्या गल्ल्या एकसारख्या अन् पाटी एकाही गल्लीला नाही. पत्ता काय सांगायचा? तर चक्कीपासून डावीकडे, मंग कोणालेही विचारा! उन्हाळ्यात भर दुपारी आईला धाप लागली अन् अॅम्बुलन्स भलत्याच गल्लीत जाऊन उभी राहिली. विचारायला रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आईचे ओठ निळे पडत चालले होते अन् मी नुसती दारातून आत-बाहेर करत होते. त्या दिवशी मी फार घाबरले.

ती बरी झाल्यावर झोन ऑफिस गाठलं. बाबू म्हणाला, "रस्त्याले नाव देयाचं असन तं सभेत ठराव लागते. लेआउटच्या नावाचा बाणवाला बोर्ड पाहिजे असन तं साधा अर्ज द्या. गल्लीच्या सह्या अन् जागेचा फोटो जोडा."

अर्ज दिला, पोच घेतली. मग चकरा सुरू.

"पाहून राहिलो ना, ताई."

"पाहता काय? लावा!"

नगरसेवकाचं पत्र जोडलं तेव्हा कुठे फाईल हलली. दिवाळीआधी कोपऱ्यावर बोर्ड लागला. गल्लीने नारळ फोडला. इथवर ठीक. पण फ्लेक्स लावल्याशिवाय काम झालं असं आमच्याकडे कोणाला वाटतच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच खांबांवर आभाराचा फ्लेक्स! वर हात जोडलेले नगरसेवक, खाली सारी गल्ली, मधोमध मी. बोर्ड अख्खा झाकलेला.

"काका, बोर्ड दिसून नाही राहिला!" मी शेजारच्या काकांवर ओरडले.

"राहू दे ना वं चार दिवस. तुहाच फोटो मोठा हाय."

आई काठी टेकत जाऊन तो पाहून आली. खूष होती.

त्याच आठवड्यात तिला पुन्हा धाप लागली. अॅम्बुलन्सवाल्याचा फोन आला, "ताई, बोर्ड कुठी हाय? इथं तं नुसते फोटो हायेत."

मी दिवाळीचे हार करत होते, कात्री हातातच होती. तशीच अनवाणी धावले. गाडीला गल्ली दाखवली अन् रागारागात फ्लेक्स मधोमध फाडला.

आईला ऑक्सिजन लावून गाडीत चढवलं. मी शेजारी बसले. कोपऱ्यावर तिने खिडकीतून पाहिलं अन् मास्क बाजूला केला.

"काहून फाडलं वं? किती चांगला आला होता तुहा फोटो."

मी मास्क पुन्हा तिच्या नाकावर बसवला अन् रडले.