न प्यायलेली दारू

ताई, मी गाव सोडलं तो दिवस तुला आठवत असेल. एसटी सुरू झाली होती आणि गाडीच्या दारातच आईने माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "तुझ्या बापाला दारूनं नेलं. तू थेंबाला शिवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील," म्हणाली. अख्खी गाडी बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण शपथ घेतली.

चाकणच्या कंपनीत लागून अकरा वर्षं झाली. मोशीत चौघांसोबत खोली, कंपनीची बस, दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट. पगार झाला की बाकीचे बसायचे, तेव्हा मी चकणा खात कोल्ड्रिंक प्यायचो. "महाराज आले राव," म्हणून चिडवायचे. लाइनवर डोळे मिटायला लागले की गोड चहा आणि बिस्किटाचा पुडा. कॅन्टीनमध्ये ताटभर भात. तरी अंगाला काही लागायचं नाही. सुट्टीत आलो की तुम्ही दोघी "नुसती हाडं राहिलीत" म्हणत डिंकाचे लाडू बांधून द्यायचात.

यंदा कंपनीच्या तपासणीत मला फॅटी लिव्हर निघालं. मी म्हटलं, रिपोर्टची अदलाबदल झाली असणार, हा खोलीतल्या जाड्या मारुतीचा. त्याचा तर साफ निघाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बारीक माणसालाही होतं, दारू न पिताही होतं. गोड, तळलेलं, मैदा बंद करा. भात कमी. रोज भरभर चाला, वेळेवर झोपा." वेळेवर म्हणजे कुठल्या शिफ्टच्या? चालायला बाहेर पडावं तर कंटेनर आणि धूळ. तरी बिनसाखरेचा चहा गिळतो, मेसवाल्या मावशींकडून भाकरी मागून घेतो. याने काही होईल असं आता वाटत नाही.

पुढचा मूर्खपणा माझाच. लाडू नको म्हटलं तर आई रुसेल, म्हणून दिवाळीला पुरावा म्हणून फाइल घेऊन आलो. काकांनी ती वाचली. त्यातला लिव्हर हा एकच शब्द त्यांच्या ओळखीचा, कारण बापाच्या कागदांवरही तोच होता. "खाण तशी माती," म्हणाले. मी कितीतरी वेळ समजावत बसलो. आई एवढंच म्हणाली, "काडीसारख्या माणसात चरबी कुठून येती?" तू तरी माझ्या बाजूने बोलशील असं वाटलं होतं, ताई. तू खाली बघत राहिलीस. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मोशीत माझं रक्ताचं कुणी नाही, पण मी पीत नाही हे तिथे चौघांना माहीत आहे. गावात सगळी माझीच माणसं, आणि एकालाही ते खरं वाटत नाही. कुणी घर कुठे विचारलं की हल्ली मी मोशी सांगतो.

निघताना आई एसटीपर्यंत आली. लाडू नव्हते. मी आपणहून तिच्या डोक्याकडे हात नेला. तिने तो वरच्यावर धरला आणि हळूच खाली केला.

"राहू दे बाबा," म्हणाली. "मला अजून जगायचंय."