जवायाच्या गाडीच्या स्प्रिंगा

ज्याने आयुष्यात एकदाही गाडीखाली अंग टाकलं नाही, त्याने स्प्रिंगांबद्दल तोंड उघडू नये, असं माझं मत आहे. ते मी बदलणार नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण रायपूरच्या गुढियारीत चाळीस वर्षं ट्रकच्या कमान्या बांधल्या. कमानी म्हणजे चाकावरची पोलादी पट्ट्यांची थप्पी, सगळा माल तिच्यावर बसतो. सिलतऱ्याहून लोखंड भरून निघालेला ट्रक नुसता समोरून गेला तरी कोणत्या बाजूची पट्टी तुटली ते मी आजही सांगतो. फुशारकी नाही मारून राहिलो. जवायाने मले विचारलं आणि विचारून ऐकलं नाही, म्हणून लिहितो. न विचारता केलं असतं तर एवढा राग आला नसता.

जवाई आमचा रायपूरचाच. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. त्याने जुनी स्पोर्ट्स कार घेतली, लाल, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी. बुटकी तर होतीच, त्याला ती आणखी बुटकी पाहिजे होती. एका रविवारी मोबाइल पुढे धरून म्हणाला, "बाबूजी, नीची वाली स्प्रिंग डाल दूँ? लुक आ जाएगा।"

मी बारदाना अंथरून गाडीखाली गेलो. या वयात. मागचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले झाले होते. बाहेर येऊन त्याले नीट समजावलं. स्प्रिंग वजन उचलते, शॉकअप तिचं उसळणं आवरतो. स्प्रिंगा चांगल्या आहेत, त्यांना हात लावू नका. शॉकअप मेले आहेत, ते बदला, उंची आहे तीच ठेवा. मेलेल्या शॉकअपवर बुटकी स्प्रिंग टाकली तर गाडीला खाली यायला जागाच उरत नाही, मग खड्ड्यात ती बुडावर आदळते आणि तो मार बसणाऱ्याच्या हाडात जातो. तो म्हणाला, "हव बाबूजी, हव।"

पुढच्याच आठवड्यात त्याने बुटक्या स्प्रिंगा टाकल्या. शॉकअप तेच. जुन्या स्प्रिंगा भंगारात दिल्या.

मी गप्प बसलो. शंभर ट्रक ड्रायव्हरांना चारचौघांत झापलेला माणूस मी, पण आमच्यात जवायाले कोणी बोलत नाही. त्याला आधी वाढायचं, अहो-जाहो करायचं आणि त्याची चूक दिसली तर भिंतीकडे पाहायचं. मी भिंतीकडे पाहिलं.

मग पोरगी माहेरी आली. ती अभनपूरच्या शाळेत शिकवते. तिच्या मणक्यात आधीपासून गॅप आहे, डॉक्टरने जपायला सांगितलं आहे. जवाई रोज तिला त्या गाडीतून शाळेत सोडतो, अन् तिथून पुढे कामावर जातो. आमच्या दारात चप्पल काढायला ती वाकली आणि चौकट धरून तशीच राहिली. मी विचारलं तर काही नाही म्हणाली. तिच्या आईने स्वयंपाकघरात नेऊन सगळं काढून घेतलं. गाडीत कंबरेला मार बसतो, असं तिने नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं. तो म्हणाला होता, स्पोर्ट्स कार अशीच असते, सवय होईल.

मी चप्पल घालायला निघालो. म्हातारीने दार अडवलं. "जवायाले बोलाचं नाही. पोरीले तिथं राहाचं हाय."

"राहाले कंबर लागते," मी म्हणालो.

तरी त्या दिवशी गेलो नाही. आठ दिवस आतल्या आत जळलो. आमच्या धंद्यात एक रीत होती. नवी कमानी बांधली की बांधणाऱ्याने रिकाम्या ट्रकच्या मागच्या डाल्यात बसायचं आणि ड्रायव्हरने गाडी मुद्दाम खराब रस्त्याने न्यायची. माझ्या उस्तादाने मलाही बसवलं होतं. दात वाजले, पण मग कोणी शिकवायची गरज राहिली नाही.

पुढच्या रविवारी दोघं आले. जवायाने पाणी पिलं की मी म्हणालो, "गाडी आज पोरगी चालवन. तुमी तिच्या जागेवर बसा. अभनपूर जाऊन या."

तो हसला. "बाबूजी, मुझे पता है गाड़ी कैसी चलती है।"

"तुमाले स्टेअरिंगवरून माहीत हाय. चालवणाऱ्याले खड्डा आधी दिसते, तो अंग सावरते. बाजूच्याले फक्त मार भेटते. बसा."

आवाज चढला होता. म्हातारी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. जवाई उठला, जाऊन डाव्या सीटवर बसला.

मी फाटकातच उभा राहिलो. परत आले तेव्हा तो टपावर हात टेकून हळूहळू बाहेर निघाला. पोरीने नंतर सांगितलं, एकाही स्पीडब्रेकरवर तिने ब्रेक लावला नव्हता. तो लावत नाही, तसंच.

मले समाधान झालं आणि मी त्याले लगेच धरलं. त्याने नवे पार्ट पाहायला मोबाइल काढला, मी चष्मा लावला. उंची किती, शॉकअप किती कडक, अशी आमची दोघांची चर्चा सुरू झाली.

पोरगी गाडीला टेकून उभी होती. म्हणाली, "बाबा, कंबर माही हाय. तुमी दोघं कायले पसंत करून राहिले?"

मी म्हणालो, तुले यातलं समजत नाही.

"नसन समजत. पण दुखते मले ना."

जवायाने ऐकलं नाही ते मी गिळलं होतं. पोटच्या पोरीने बापाची चाळीस वर्षं अशी बाजूला सारली, हे मले आजही गिळवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं शॉकअपच्या दुकानात गेलो. पहिल्या उंचीच्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप लागले. या शॉकअपला वर एक चावी असते, फिरवली की कडक-नरम होतात. जवाई चालवत होता, ती डावीकडे बसली होती. दुकानासमोरच्या स्पीडब्रेकरवरून फेरा मारायचे, थांबायचे, ती सांगायची अजून नरम करा, पुन्हा फेरा. मी म्हणालो, एवढे नरम केले तर गाडी वळणावर डोलेल, चावी दोन घरं कडक पाहिजे. ती म्हणाली, डोलू द्या. माझं बरोबर होतं. ती गाडी वळणावर डोलते, कोणीही जाऊन पाहावं.

दुकानदार पाना घेऊन माझ्याकडे आला. मी म्हातारा, मीच ठरवणार असं त्याला वाटलं. म्हणाला, "चाचा, कितने पे फिक्स करूँ?"

मी पोरीकडे बोट केलं आणि तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत उभा राहिलो.