येजो म्हटलं म्हणून आलो

वर्धा जिल्ह्यात फिरायला जायचं तर मे महिन्यात जाऊ नका, असं कुणीही शहाणा माणूस सांगेल. आम्ही दरवर्षी मे महिन्यातच जायचो. शाळेचा निकाल लागला की आई माळ्यावरची ट्रंक खाली काढायची आणि बाबा म्हणायचे, "चला, सासरेबुवांचं मौन ऐकून येऊ!"

ही गोष्ट पन्नास सालानंतरची, मी आठ-नऊ वर्षांची असतानाची. आम्ही नागपूरला राहायचो. बाबा मूळचे पुण्याचे, नागपुरात सरकारी कचेरीत कारकून. आईचं माहेर रोहणा, आर्वी तालुक्यातलं.

नागपूरहून पॅसेंजरनं पुलगाव, आणि तिथून आर्वीकडे जाणारी छोटी गाडी. काय वर्णन करू तिचं! डबे एवढेसे, बाकं लाकडी, आणि चाल अशी की आई म्हणायची, "पायी निघालो असतो तर आतापर्यंत जेवून झोपलो असतो." माझं अर्धं तिकीट असायचं, पण खाणं पूर्ण. फडक्यात बांधलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या पुलगाव सुटायच्या आत संपायच्या. ती गाडी आता बंद झाली. तुम्हाला जायचं असेल तर पुलगावहून एसटीनं जा. डोक्याला दुपट्टा बांधा आणि खिशात कांदा ठेवा, लू लागत नाही. हसू नका, आमची अख्खी पिढी त्या कांद्यावर जगली.

रोहण्याचं स्टेशन आलं की बाबा खिडकीतून बोट दाखवायचे. "इथं! याच जागी तुझ्या आईनं मला बोलावलं."

"काही बोलावलं नव्हतं," आई म्हणायची. ती माहेरच्या हवेत शिरली की भाषाही बदलायची. "उगाच पोरीले काही सांगू नका."

झालं होतं असं. लढाईचे दिवस होते. पुलगावला लष्कराच्या कोठाराचं काम निघालं होतं आणि बाबा तिथं नोकरीला आले होते. एकदा कामासाठी आर्वीला गेलेले, परत येताना गाडी रोहण्याला थांबली. फलाटावर आई तिच्या मैत्रिणीला पोचवायला आलेली. गाडी हलली तशी आई हात करून म्हणाली, "येजो बरं! नक्की येजो!" मैत्रीण एका खिडकीत, बाबा शेजारच्या खिडकीत. आता विदर्भातला कुणीही सांगेल, परक्या पुरुषाला बाई म्हणेल तर "येजा" म्हणेल. "येजो" म्हणजे अरेतुरेतलं "ये", घरच्या माणसाला म्हणायचं. पण पुण्याच्या माणसाला हे कुठून कळणार? पुढच्या रविवारी स्वारी इस्त्रीचे कपडे घालून रोहण्याच्या फलाटावर हजर!

आई आबाजींबरोबर, म्हणजे तिच्या वडिलांबरोबर, वांग्याच्या टोपल्या गाडीत चढवत होती. बाबा समोर जाऊन उभे राहिले.

"आपण येजो म्हणालात, म्हणून आलो."

आई इतकी हसली की हातातली टोपली सांडली. वांगी सगळ्या फलाटभर. ती दोघं मिळून गोळा करत राहिली आणि आबाजी बघत राहिले. मग काय, बाबांना दर रविवारी रोहण्यात काही ना काही काम निघू लागलं.

आबाजींनी शेवटी लग्न लावून दिलं, पण जावयाशी बोलणं टाकलं. गावातल्या लोकांनी "पोरीनं टेसनावर नवरा धरला" म्हणून टोचून टोचून त्यांना हैराण केलं होतं, तो राग मनातून जाईना. मानपान मात्र सगळा. पाट, रांगोळी, आमरस, कुरडया, कशात कमी नाही. फक्त शब्द नाही. बाबा हातभर अंतरावर बसलेले असायचे आणि आबाजी मला म्हणायचे, "पाहुण्याईले विचार, भरीत पाह्यजे काय."

बाबा मला म्हणायचे, "आबाजींना सांग, भरीत फक्कड झालंय."

मी मध्ये बसून दोघांचे निरोप पोचवायची. मला मोठी गंमत वाटायची. पण त्या वर्षी स्वयंपाकघरात आई आजीला म्हणताना ऐकलं, "आबा कधी बोलन वं यांच्याशी? आता थकून राह्यले ते. असेच गेले तर?"

"तुया बापाले तू ओळखत नाई काय?" आजी एवढंच म्हणाली आणि दोघी भाकरी थापत राहिल्या. त्या दिवसापासून मला ती गंमत वाटेनाशी झाली. मी दोघांच्या तोंडाकडे बघत बसायची.

आर्वीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही सगळे आबाजींबरोबर निघालो, वांग्याच्या टोपल्यांसकट. वाटेत गाडी नेहमीप्रमाणे मध्येच थांबली. झाडाखाली एक बाई टेंभरं विकत होती. उन्हाळ्यातलं हे पिवळं रानफळ बाबांना विदर्भात आल्यावर कळलं आणि त्याचं त्यांना वेडच लागलं. उतरले. पिशवी नव्हती, म्हणून टोपीत टेंभरं घेतली. आणि गाडी सुटली.

ती हळू चालते म्हणून बाबा आधी ऐटीत चालले. मग भरभर. मग धोतर सावरत पळायला लागले, एका हातात टोपी. आई ओरडली. आबाजी दारात जाऊन वाकले.

"अबे गाढवा! फेक ते टेंभरं! हात दे, हात!"

बाबांनी हात दिला, टोपी काही सोडली नाही. आबाजींनी त्यांना आधी मनगटाला आणि मग सदऱ्याच्या गळ्याला धरून आत ओढलं आणि वांग्याच्या टोपलीवर बसवलं.

"मराचं हाये काय तुले? माह्या पोरीले काय टेंभरावर सोडून जातं? गाढव कुठला!"

अख्खा डबा माना वळवून बघायला लागला. जावयाला गाढव, तेही भर बाजाराच्या गाडीत! आबाजींच्याही ते तेव्हाच ध्यानात आलं. ते उभेच राहिले, धापा टाकत.

"चुकलं, आबाजी," बाबा म्हणाले.

"चुकलं म्हणे!" आबाजी त्यांच्या शेजारी टेकले. टोपीतलं एक टेंभरू उचललं, चाखलं. "गोड हाये. पण याच्यासाठी कोनी जीव देते काय रे?"

आईनं पदर तोंडाला लावला होता. रडत होती की हसत होती, मला कळेना. मी तिचा हात ओढला तर म्हणाली, "दोन्ही, माय, दोन्ही." मग आर्वी येईपर्यंत आबाजी बाबांना रागवतच होते. धावत्या गाडीत कसं चढावं, धोतर कसं खोचावं, पुण्यात हे शिकवत नाहीत काय. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्यांनी त्या एका वाटेत बोलून घेतलं. माझ्याकडे कुणी एकही निरोप दिला नाही.

त्या प्रवासातलं आर्वीचं मला आज काही आठवत नाही. बाजार कसा होता, वांगी काय भावानं गेली, काही म्हणजे काही नाही. तुम्ही गेलात तर सावकाश पाहून या.

आम्ही नागपूरला परतलो. ट्रंक अजून दारातच होती, तोच शेजारच्या काकू आल्या. "काय म्हणतं माहेर? वडिलांची तब्येत कशी आहे?"

"एकदम बरी!" आईचा चेहरा नुसता फुललेला. "अहो, आबांनी यांना गाढव म्हटलं!"

काकू बिचाऱ्या बघतच राहिल्या. आणि आतून बाबा ओरडले, "दोनदा! दोनदा म्हणाले, नीट सांग त्यांना!"