भाकरी सोडलेले बसकाका

बसकाका हॉर्न वाजवत नसत. रहाटणीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसवर ते आठ वर्षं ड्रायव्हर होते. ट्रक आडवा येवो की म्हशी, काका शांतपणे थांबायचे. "वाजवून काय व्हतंय, मॅडम? त्याला बी दिसतंय की आमी हाय ते."

काका मूळचे पुनावळ्याचे. शेताच्या जागी इमारती आल्या, पण जेवण शेतकऱ्याचंच राहिलं. सकाळी दोन भाकरी, दुपारी तीन, रात्री भात. मग साखरेचा आजार निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. त्या बाबतीत काका फार कडक. "येक येळ जेवण चुकंल, गोळी न्हाई," असं ते सगळ्यांना अभिमानाने सांगत. आम्हालाही ते कौतुकाचंच वाटायचं.

बस पुरवणारा कंत्राटदार दर वर्षी ड्रायव्हरांची तपासणी करायचा. मागच्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढच्या वर्षी शुगर एवढीच निघाली तर गाडी बंद. मी भात-पोळी सोडून वजन उतरवलं होतं, हे काकांना माहीत होतं. एकदा मी उतरताना त्यांनी मला थांबवलं. "मॅडम, ती तुमची बिनभाकरीची यादी मला बी द्या. गाडी गेली तर घरी बसून काय करू? काकीशी भांडू?"

मी कंपनीत स्टोअरला आहे. याद्या करणं हे माझं रोजचं काम. एका पानाचे दोन भाग केले. खायचं: अंडी, पनीर, मेथी, शेपू, कारलं, दही, मूठभर शेंगदाणे. बंद: भात, भाकरी, पोळी, पोहे, बटाटा, साखर, गूळ, बिस्किटं. सवयीप्रमाणे दोनदा तपासून दिली. गोळ्यांबद्दल त्यात एक ओळही नव्हती. मला स्वतःला गोळ्या नव्हत्या, म्हणून ते सुचलंच नाही.

काकांनी यादी अक्षरशः पाळली. काकी फ्लॉवर किसून, जिऱ्याची फोडणी देऊन त्याचा भात करू लागल्या. तो कसा लागतो विचारलं, तर काका म्हणाले, "नवरीच्या जागी करवली उभी केल्यावानी." पण डबा रिकामा करायचे. बसमधल्या आम्ही बायका त्यांना रोज नवं काही सुचवायचो. कुणी कारल्याचे काप, कुणी तिळाची चटणी घातलेलं दही.

तिसऱ्या आठवड्यात मी दोन गोष्टी पाहिल्या. डब्याचं झाकण लावताना काकांचा हात थरथरत होता. आणि भोसरीजवळ पुढे एक शाळेची व्हॅन थांबलेली असताना त्यांनी हॉर्न दाबला, तो सोडलाच नाही. "उपाशी माणूस चिडणारच," मी शेजारणीला म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

तपासणीत शुगर इतकी कमी आली की डॉक्टरांनी पाठ थोपटली. काकांनी पेढ्यांऐवजी बसमध्ये उकडलेली अंडी वाटली. "गुरुवारी अंडी वाटता, काका?" असं कुणीतरी कुरकुरलं, तर म्हणाले, "तुमचं उद्या खावा, शुक्रवारी." त्याच दिवशी त्यांनी माझ्या यादीचा फोटो काढून कंत्राटदाराच्या सगळ्या ड्रायव्हरांना पाठवला. मला बरंच वाटलं. शुगर जितकी खाली तितकी चांगली, अशी आम्हा सगळ्यांचीच समजूत होती.

त्यानंतरच्या सोमवारी बस कंपनीच्या गेटवरून सरळ पुढे गेली. वेग कमी, पण सरळ. "काका, गेट मागे राहिलं," मी म्हणाले. बस तशीच चालत राहिली. पुढे गेले तर ऐन थंडीत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "रहाटणी आली का?" त्यांनी विचारलं. रहाटणीहून आम्ही तासाभरापूर्वी निघालो होतो. मी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हो, आली. डावीकडे घ्या." त्यांनी बस कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि मान टाकली.

कुणीतरी बिस्किट पुढे केलं. काकांनी ओठ मिटून घेतले. "न्हाई. यादीत न्हाई."

"काका, यादी माझी आहे. मी सांगते, खा."

तेव्हा तोंड उघडलं. बिस्किट नीट चावता येईना, मग एकीने बाटलीतल्या पाण्यात साखर विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ते माझ्याकडे ओळखीचं पाहू लागले. मागे बावन्न माणसं बसली होती.

कंपनीच्या डॉक्टरांनी मला दोन वाक्यांत समजावलं. साखर उतरवणारी गोळी तेवढीच ठेवून भाकरी सोडायची नसते. आधी विचारायचं असतं.

काकांची गाडी गेलीच. आता गोळी निम्मी झाली आहे, ताटात अर्धी भाकरी आली आहे, तब्येत चांगली आहे. कंत्राटदार मात्र परत घेत नाही. मी माफी मागायला पुनावळ्याला गेले, तेव्हा काका म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या, मॅडम. यादी किती जणांना गेली, ते आधी बघू."

एकेचाळीस जणांना. मी नावं लिहून काढली. काका ओट्यावर बसून एकेकाला फोन लावतात आणि एवढंच विचारतात, "भाकरी सोडलीस का? गोळी चालू हाय का?" सात जणांची दोन्ही उत्तरं 'हो' अशी आली. त्यांना डॉक्टरांकडे धाडलं.

तिघं फोन उचलत नाहीत. ते कंत्राटदाराकडून काम सोडून गेलेत. आता कुठल्या कंपनीची बस चालवतात, ते कुणालाच सांगता येत नाही.