पुतळाबाईंचा माठ

आमच्या सासूबाई, पुतळाबाई, म्हणजे एक प्रकरणच आहे. किहीमजवळ घरामागे त्यांचं परसू. तिथल्या माठाच्या भाजीला कुणी नुसता 'पाला' म्हटलं की त्या माणसाची खैर नाही. बाजारातली भाजी त्यांच्या लेखी मेलेली.

यंदा अंगणवाडीच्या खिचडीत पालेभाजी घालायचं ठरलं. सेविका मानसीताईंना ती अलिबागच्या मंडईतून आणणं सोपं वाटत होतं. सासूबाई हटूनच बसल्या, पोरांच्या ताटात माझाच माठ पडला पाहिजे. त्यांचा नातू, माझा सम्यक, तिथेच जातो ना! वाद काही मिटेना. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून तोंड घातलं. म्हटलं, कुणाच्या भाजीत क जीवनसत्त्व जास्त ते बघूच. पिठाच्या पातळ पेजेत आयोडीन घातलं की ती निळी होते. त्यात भाजीचा रस थेंब थेंब सोडायचा. ज्या रसानं निळा रंग लवकर जाईल, ती भाजी अंगणवाडीत.

रविवारी सकाळी आळीतल्या बुद्धविहाराच्या अंगणात अख्खी आळी लोटली. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, टवटवीत जुडी मिरवत आल्या. मंडईची जुडी जरा मरगळलेलीच होती. दोन्ही सारख्याच तोलून सारख्याच पाण्यात वाटल्या. मंडईच्या रसानं रंग भराभर उतरला. आमचा रस टाकतेय, टाकतेय, निळं ते निळंच. बायका फिदीफिदी हसल्या आणि माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू!

मी विचारलं, आई, ही तोडली कधी? तर काल दुपारी. सगळ्यांत झक्क दिसावी म्हणून रात्रभर घंगाळात पाण्यात बुडवून ठेवलेली. क जीवनसत्त्व सगळं त्या पाण्यातच उतरलेलं! ज्यापायी भाजीवाल्यांना जन्मभर शिव्या घातल्या, नेमकं तेच केलं होतं बाईंनी. मंडईची जुडी मात्र त्याच पहाटे तोडलेली होती.

सासूबाईंचा चेहरा उतरला. तडक उठून गेल्या. मला वाटलं, संपलं. पण पाचेक मिनिटांत पदर खोचून, धापा टाकत परत आल्या, हातात ताजा तोडलेला माठ. पुन्हा तोलला, वाटला, गाळला. पहिले काही थेंब पडले नाहीत तोच रंग साफ! मंडईच्याही आधी! मी शाळेतली बाई आहे हे विसरून चक्क उडी मारली.

मानसीताई हसून म्हणाल्या, माठ तुमचाच, रोज पोचवा.

"न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हौसेपायी मीच मारला त्याला. चूल पेटायच्या वक्ताला तुझी स्वयंपाकीण धाड. ती तोडंल तिच्या हातानं."

त्या परसातल्या पानाला आजवर मलासुद्धा हात लावू दिला नव्हता त्यांनी.